तपकिरी कव्हराआडच्या शाळा

मी जाडी आहे, हे मला ठाऊक आहे. मला दोन्ही हातांनी उचलावं लागतं, आणि उचलणारा पहिल्यांदा "बाप रे" म्हणतोच. तर ती जाडी मीच बोलतेय, आफ्रिकेतल्या खाजगी शाळांची डिरेक्टरी. माझ्या पोटातलं सगळं इंग्रजी आहे. पण टेक्ससमधल्या प्लेनो गावात एका मराठी घरी माझा मुक्काम पडला आणि तिथल्या गप्पा ऐकून ऐकून मराठी माझ्या अंगात मुरली. ऐकायची मला हौसच फार. चौकशी करणं हा तर माझा जन्माचा धंदा! शाळा कुणी काढली, मुलं किती, मैदान आहे का, जेवण मिळतं का, असं विचारून विचारूनच मी एवढी झाले.

माझा जन्म मिनेसोटात, ईडन प्रेरीतल्या एका छोट्या ऑफिसात झाला. तिथे दोघी बायका बर्फ तुडवत पहाटेच येऊन बसत, कारण इकडे उजाडतं तेव्हा तिकडे आफ्रिकेत शाळा सुटायला आलेली असते. घाना, झांबिया, केनिया, नायजेरिया, एकामागून एक फोन चालायचे. कधी शिपाई फोन घ्यायचा, कधी खुद्द हेडमास्तर, आणि मागे मुलांचा असा गलका, की ऐकणारीला हसू यावं. कुणी बदली होऊन तिकडे चाललंय, कुणी मास्तर नोकरी शोधतोय, अशांना उपयोग व्हावा म्हणून ही सगळी खटपट.

माझी थोरली बहीण, म्हणजे पहिली आवृत्ती, एखाद्या दिवाळी अंकाएवढी सडपातळ होती म्हणे. तिच्यात परदेशी साहेबांच्या मुलांच्या शाळा, मिशनच्या जुन्या शाळा आणि गुजराती व्यापाऱ्यांनी काढलेल्या काही, एवढंच. पुढे दर आवृत्तीला आमचा घेर वाढत गेला. शहरं फुगली. सरकारी शाळेत एकेका वर्गात इतकी मुलं, की बाईंना मागच्या बाकावरचं तोंड ओळखू येईना. मग ज्याच्या हातात थोडी ऐपत आली, त्याने आपलं लेकरू उचलून खाजगी शाळेत घातलं. शेजाऱ्याने ते पाहून आपलंही घातलं. मग काय, चर्चच्या मागे शाळा निघाली, निवृत्त बाईंच्या ओसरीवर निघाली, आणि यात चांगला धंदा आहे असं हेरून शाळा काढणारेही निघाले. सगळे माझ्यात राहतात, चाळीत नाना तऱ्हेची बिऱ्हाडं राहावीत तसे. एका शाळेत पोहण्याचा तलाव आणि घोडेस्वारी, तर तिच्या भिंतीला भिंत लावून चार खोल्यांची एक शाळा, आंब्याखाली प्रार्थना म्हणणारी.

एक गोष्ट मात्र खरी. पत्र्याच्या छपराखालच्या, चिखलाच्या गल्लीतल्या कितीतरी शाळा माझ्यात आल्याच नाहीत. त्यांच्यापर्यंत कुणाचा फोनच पोचला नाही. ही माझी उणीव आहे, आणि ती मी झाकत नाही.

छापून झाल्यावर मी टेक्ससच्या एका लायब्ररीत गेले. माझ्या पाठीवर चिठ्ठी लागली, "फक्त इथेच बसून वाचावे". आणि इथे बसून वाचायला कुणी येईना! शेजारी पक्ष्यांचा कोश होता, त्याला निदान शाळेची पोरं उघडायची. माझ्यावरून फक्त फडकं फिरायचं. पुढे कळलं, की माझ्यानंतर आमच्या घराण्यात पाळणा हललाच नाही. सगळं वेबसाइटवर गेलं. मी शेवटची. एके दिवशी माझ्यावर 'रद्द' असा शिक्का बसला आणि दाराजवळच्या ढकलगाडीत, ज्याला हवं त्याने न्यावं अशा जुन्या पुस्तकांच्या ढिगात माझी रवानगी झाली.

तिथे मला हिमानी भेटली.

हिमानी मूळची नागपूरची, तिचा नवरा देवदत्त पुण्याचा. प्लेनोत दोघांची बरीच वर्षं गेली. मुलगी नैना इथेच जन्मलेली, सहावीतली. नैनासाठी ऐकायच्या पुस्तकांच्या सीडी परत करायला हिमानी लायब्ररीत आली होती. जाता जाता तिने ढकलगाडीत नजर टाकली आणि एकदम थबकली. मला उचललं, "बाप रे" म्हणाली आणि छातीशी धरलं. इतक्या वर्षांत मला कुणी छातीशी धरलं नव्हतं हो.

घरी आल्यावर देवदत्त हसला. "हिमानी, अगं ही वीट कशाला आणलीस? सगळं ऑनलाइन आहे यार!"

"ऑनलाइन सगळ्याच शाळा हसतात," हिमानी म्हणाली. "ही छापलेली आहे. कुणीतरी विचारून छापलं असेल ना?"

हळूहळू मला त्या घराचा घोर कळला. देवदत्तच्या कंपनीने इथला विभाग बंद करायचं ठरवलं होतं. नैरोबीच्या ऑफिसात जा, नाहीतर नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर व्हिसाही गेला. नैरोबीला जायला देवदत्तची ना नव्हती. अडलं होतं ते नैनाच्या शाळेवर.

नैनाला डिस्लेक्सिया आहे. अक्षरं तिच्यापुढे एका जागी बसत नाहीत, रांगेतली मुलं बाई वळल्या की धक्काबुक्की करतात तशी करतात. इथल्या शाळेत एका बाईंनी तिला युक्ती शिकवली. वाचायच्या ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरायची, खालच्या ओळी झाकायच्या, आणि लांब शब्द आला की बोटाने ठोके देत तुकडे पाडायचे. त्या पट्टीवर पोरगी वाचायला लागली होती. सावकाश, पण वाचत होती. आता नव्या देशात तिला कोण समजून घेणार? तशी शाळा मिळाली नाही, तर देवदत्तने एकट्याने नैरोबीला जायचं आणि या दोघींनी नागपूरला आजोळी, असं ठरत आलं होतं. रात्री जेवताना नैना विचारायची, "बाबा, बट यू विल कम फॉर माय बर्थडे, राइट?" आणि देवदत्त भाजी पुन्हा वाढून घ्यायचा, नको असताना.

त्यात आणखी एक भानगड. इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सुवर्णा काकू सगळ्यांदेखत बोलून गेल्या होत्या. या सुवर्णा काकू म्हणजे दोन घरं सोडून राहणाऱ्या, मन सोन्याचं पण जिभेला हाड नाही. दुसऱ्याच कुणाची तरी आफ्रिकेत बदली झाल्याचं कळल्यावर म्हणाल्या, "अगं बाई, पोरांना घेऊन आफ्रिकेत? तिथे शाळा तरी असतात का?" हिमानीने ते मनाला लावून घेतलं. घरी आली, किराणा दुकानाची तपकिरी कागदी पिशवी फाडली आणि मला कव्हर घातलं. जूनमध्ये शाळा सुरू होताना घालतात तसं, कोपरे दुमडून, नीटस. वर लेबल लावलं, 'रेसिपीज'.

दुसऱ्याच दिवशी काकू डबा परत न्यायला आल्या. मला पाहिलं, तळहाताने जाडी मापली आणि म्हणाल्या, "एवढ्या रेसिपी? आणि तुझ्याकडे येता-जाता खिचडी!"

"काकू, तुम्ही पण ना," हिमानी हसली. माझी अवस्था मात्र बघा. पोटात साऱ्या खंडाच्या शाळा आणि पाठीवर रेसिपीज!

हिमानीने मला पान पान पाहिलं. आधी तिने दोन मोठ्या शाळांना नैनाबद्दल खरं ते लिहिलं. दोन्हींकडून अगदी गोड उत्तर आलं, जागा भरल्या आहेत. भरल्या असतीलही. पण हिमानीने धसका घेतला. तिसरी शाळा तिने माझ्यातली निवडली, माझ्या एका पानाच्या तळाशी चार ओळींत अंग चोरून बसलेली, 'ट्विगा लेन स्कूल'. ती आंब्याखाली प्रार्थना म्हणणारी चार खोल्यांची शाळा, तीच ही. हिमानीने त्या पानाचा कोपरा दुमडला आणि देवदत्तला म्हणाली, "या वेळी सांगायचं नाही. आधी अ‍ॅडमिशन, मग बघू."

"आणि त्यांनी वाचायला सांगितलं तर?"

"पाठ करून घेते."

नैनाची स्मरणशक्ती जबरदस्त. ऐकून ऐकून तिने मनाचे श्लोक म्हटले होते मंडळात, एका अक्षराकडे न बघता. हिमानीने तेच हत्यार काढलं. इंग्रजी गोष्टीच्या पुस्तकातलं एक पान घेतलं आणि घोकून घेतलं. कुठे थांबायचं, कुठे पान उलटल्यासारखं करायचं, सगळं. मराठी घरात पाढ्यांना हीच रीत, आणि पाढे काही खोटे नसतात. पण हे पान खोटं होतं. ते त्या पोरीलाही कळत होतं. "आई, धिस इज नॉट रीडिंग," ती म्हणाली. हिमानीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पुठ्ठ्याची पट्टी उचलून ड्रॉवरमध्ये टाकली.

ट्विगा लेनने ठरवलेल्या मुलाखतीची सकाळ उजाडली. व्हिडिओ कॉल होता, आपल्याकडे सकाळ, नैरोबीत दुपार. हिमानीने टेबल लख्ख आवरलं, एक कागद राहू दिला नाही. लॅपटॉपचा कॅमेरा नैनाच्या तोंडासमोर यावा म्हणून त्याच्याखाली मला ठेवलं. गोष्टीचं पुस्तक नैनाच्या हातात. देवदत्त सोफ्याच्या कडेला नखं खात बसलेला. आणि नेमक्या तेव्हाच दार वाजलं.

"हिमानी, कोथिंबीर आहे का गं थोडी?" सुवर्णा काकू!

"काकू, कॉल चालू होतोय..."

"चालू दे की. मी आपली किचनमध्ये बसते मुकाट्याने." आणि बसल्या, मान उंच करून.

पडद्यावर मिसेस न्यांबुरा आल्या, शाळेच्या मुख्याध्यापिका. पिकलेले आखूड केस, गळ्यात चष्मा, मागे खिडकीत मुलांचा गलका. त्या अर्थातच इंग्रजीत बोलत होत्या, मी आपल्या बोलीत सांगते. आधी त्यांनी नैनाला विचारलं, जेवायला काय आवडतं. मग म्हणाल्या, "काहीतरी वाचून दाखवतेस?"

नैनाने पुस्तक उघडलं आणि सुरू झाली. कसली घडाघडा! पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं. मिसेस न्यांबुरांनी हात वर केला. "छान. पण ही गोष्ट मला इतकी मुलं वाचून दाखवतात, की झोपेतही म्हणेन. दुसरं काहीतरी घे. तुझ्याजवळ जे असेल ते."

नैनाने टेबलाकडे पाहिलं. टेबल लख्ख. हिमानी कॅमेऱ्याच्या मागे उभी, पदर नसूनही काहीतरी आवळून धरल्यासारखे हात केलेली. पोरीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि सरळ लॅपटॉप उचलून मला खालून ओढून काढलं.

लॅपटॉप धाडकन खाली बसला. पडद्यावरच्या बाईंना आता काय दिसत होतं, तर छत, पंखा आणि किचनमधून डोकावणाऱ्या सुवर्णा काकू. काकूंनी पटकन नमस्कार केला. बाईंनीही केला. नैनाने पडदा वाकवून पुन्हा आपल्यासमोर आणला.

मी उघडले ती दुमडल्या कोपऱ्यावरच. हे मी मुद्दाम केलं असं नाही, पण केलं असतं तरी मला लाज नाही. नैनाने माझ्यावर नजर लावली. चार ओळी, बारीक टाइप. अक्षरांनी धक्काबुक्की सुरू केली असणार, कारण तिचं बोट पहिल्याच शब्दावर मागे-पुढे फिरायला लागलं. तिने ड्रॉवरकडे पाहिलं, मग आईकडे. हिमानीने मान हलवली, नको.

आणि मग टर्रकन आवाज झाला.

पोरीने माझ्या कव्हराची एक लांब पट्टी फाडली होती. 'रेसिपीज'चं लेबल अर्धं गेलं. तिने पट्टी ओळीखाली धरली, खालचं सगळं झाकलं, आणि वाचायला लागली.

"ट्विगा... लेन... स्कूल." थांबली. पुढे लांब शब्द होता. बोटाचे ठोके, एक तुकडा, दुसरा तुकडा, तिसरा. "एस... टॅब... लिश्ड. एस्टॅब्लिश्ड... बाय... अ मदर... इन हर... गॅरेज."

नैना शेवटच्या ओळीतल्या आंब्यापर्यंत वाचत गेली. चार ओळींना तिला केवढा वेळ लागला, पण एक शब्द तिने सोडला नाही.

मग ती पडद्याकडे वळली. "आय अ‍ॅम डिस्लेक्सिक. माझी आई म्हणाली सांगू नको. ती वाईट नाहीये, शी इज जस्ट स्केअर्ड."

हिमानीने डोळे मिटले. देवदत्त उभा राहिला.

"मम्मीला बोलाव," मिसेस न्यांबुरा म्हणाल्या.

हिमानी खुर्चीच्या कडेवर बसली. "मॅडम, आय अ‍ॅम सो सॉरी. मला वाटलं, कळलं तर तुम्ही..."

"ती गॅरेजवाली आई मीच आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलाचा वर्ग एवढा भरलेला होता, की त्याला वाचता येत नाही हे वर्षभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. तोही घडाघडा पाठ म्हणायचा. म्हणून मी गाडी रस्त्यावर लावली आणि गॅरेजमध्ये बाकं टाकली. आता आमच्याकडे अशा मुलांसाठी वेगळी खोली आहे, शिकवायला दोघी बायका आहेत. तुम्ही हे लपवलं असतंत, तर मी हिला सरळ मोठ्या वर्गात बसवलं असतं, आणि पोरगी पुन्हा पाठांतरावर जगली असती." मग नैनाकडे वळून म्हणाल्या, "ती पट्टी कुणी शिकवली?"

"माय टीचर. पण कागदाची आयडिया माझी."

"नव्या टर्मला येतेस ना मग? आणि ते पुस्तक जुनं आहे हं. त्यातला आंबा वादळात पडला. आता आम्ही जांभळाखाली उभे राहतो."

कॉल संपला. हिमानी खुर्चीवरून घसरून जमिनीवरच बसली आणि नैनाला मिठीत घेऊन हसत-रडत राहिली. देवदत्तने पुन्हा पुन्हा चष्मा पुसला. मलाही कसं हलकं वाटलं, माझ्यासारखीला!

"नैरोबी?" किचनमधून आवाज आला. सुवर्णा काकू कोथिंबीर हातात घेऊन आल्या. "हिमानी, मला सांगितलं नाहीस?"

"काकू, तुम्हीच म्हणालात ना पॉटलकला, आफ्रिकेत शाळा तरी असतात का?"

"मी? म्हणाले असेन. दिवसभर बोलते मी, त्यातलं किती मनावर घेशील?" काकूंनी मला उचललं, "बाप रे" म्हणाल्या, आणि पानं चाळायला लागल्या. चाळता चाळता खुर्ची ओढून बसल्या. "अगं, या सगळ्या शाळा? एवढ्या? ही बघ, हिच्यात तर वसतिगृह पण आहे! आणि काय गं, रेसिपीज म्हणे. मला त्याच दिवशी कळलं होतं. स्वयंपाकाच्या पुस्तकाला कुणी कव्हर घालतं का? त्याला तर तेलाचे डाग हवेत."

त्या दिवशी काकू कोथिंबीर विसरून गेल्या आणि दुपारी जेवायलाच बोलावून गेल्या, तिघांनाही.

निघायची वेळ आली तेव्हा बॅगांचं वजन झालं. कुकर, मसाले, गणपतीची छोटी मूर्ती, आणि मी. देवदत्तने मला बाहेर काढलं, परत आत ठेवलं, परत बाहेर काढलं. मी मनात म्हटलं, बाबा रे, कुकर ने. माझं तिथलं काम झालंय. नैनाने माझ्या कव्हरातून आणखी एक पट्टी कापली, या वेळी कात्रीने, सरळ, आणि ती पासपोर्टच्या पाउचमध्ये ठेवली. उरलेलं कव्हर हिमानीने स्वतःच्या हाताने काढून टाकलं. माझं नाव कितीतरी दिवसांनी उजेडात आलं.

जाताना हिमानी मला सुवर्णा काकूंच्या हवाली करून गेली, आणि आता मी त्यांच्या दिवाणखान्यात असते, अगदी दर्शनी टेबलावर. ज्या डिरेक्टरीला 'फक्त इथेच बसून वाचावे' अशी चिठ्ठी होती, ती आता प्लेनोतल्या घराघरांत फिरते. कोण कुठे बदलून चाललंय ते काकूंना सगळ्यांच्या आधी कळतं, आणि कुणी म्हणालंच, "काकू, आफ्रिकेत कसल्या शाळा?" तर काकू मला धप्पकन त्याच्या मांडीवर ठेवतात. "वाच. आणि परत आणून दे हं, डब्यासारखी ठेवून घेऊ नकोस." माझ्यातले फोन नंबर बदलले, झाडं पडली, नव्या शाळा निघाल्या. माझ्यावर पूर्ण विसंबू नका, विचारून घ्या. विचारण्यात कमीपणा नसतो, मी जन्मभर तेच केलंय.

परवा नैरोबीहून कॉल आला. मागे जांभळाचं झाड दिसत होतं. नैनाने काकूंना जेवणाच्या फळ्यावरचा आठवड्याचा मेनू वाचून दाखवला, ओळीओळीने, आणि हातात तीच पट्टी, कडा विरलेली. एका शब्दावर अडली. काकूंना तो येत होता, ओठांवर आलाही होता, पण त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि थांबल्या.

एवढंच माझं मागणं आहे तुमच्याकडे. लेकरू ओळीवर अडलं, तर काकूंसारखं थांबा.

नैनाने तुकडे पाडले, ठोके दिले, आणि शब्द आला. काकूंनी मला दोन्ही हातांनी उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. "बघ गं, तुझी जाडी मावशी पण ऐकतेय."

ऐकतच होते.